पंथारंभीची स्त्री : महदाइसा आणि सुझाना वेस्ली

(१)

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महदाइसेचे नाव आले की त्यामागोमाग ‘आद्य मराठी कवयित्री’ ही पदवी येते. इंग्लंडातील मेथॉडिस्ट पंथाच्या इतिहासात सुझाना वेस्लीचे नावही असेच ‘मेथॉडिझमची माता’ या बिरुदावाचून सहसा येत नाही. दोन्ही पदव्या आदराने दिलेल्या आहेत आणि दोन्हींना वस्तुस्थितीचा आधार आहे. महदाइसेचे धवळे उपलब्ध मराठी काव्यात स्त्रीने रचलेले पहिले काव्य होय. आणि मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली व त्या पंथाचा गीतकार चार्ल्स वेस्ली हे सुझानेचेच पुत्र होत. तथापि पदवी जसा गौरव करते तशी ती मर्यादाही घालते. एकीने काव्य रचले म्हणून ती वाङ्मयाच्या इतिहासाकडे गेली. दुसरीने पुत्रांना जन्म दिला म्हणून ती चरित्राच्या प्रास्ताविक प्रकरणात राहिली. या दोन स्त्रियांनी आपापल्या पंथाच्या घडणीत प्रत्यक्ष कोणते कार्य केले, हा प्रश्न पदवीच्या तेजात दिसेनासा होतो.

त्या कार्याचे स्वरूप शोधणे हा येथील विवेचनाचा विषय आहे. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. पंथाच्या आरंभकाळात, अधिकाराच्या जागा अद्याप ठरलेल्या नसताना, स्त्रीचे कार्य प्रवर्तकाचे बोलणे ऐकून घेण्यापुरते नसते. ती त्याला बोलावयास लावते, त्याच्या उपदेशाला सर्वांच्या भाषेत उतरावयास भाग पाडते, आणि उपदेश कोणासाठी आहे हा प्रश्न उभा करते. पंथ स्थिरावल्यावर उत्तरे जतन होतात आणि प्रश्न करणारी व्यक्ती मागे पडते. महदाइसेच्या बाबतीत मात्र तिचे प्रश्नही जतन झाले आहेत. मराठी समीक्षेने त्यांचा पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही.

(२)

तेराव्या शतकातील महाराष्ट्र आणि अठराव्या शतकातील इंग्लंड यांची तुलना कोणत्या न्यायाने करावयाची, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या दोन पंथांत देवाणघेवाणीचा संबंध नाही. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही त्यांच्यात मोठे अंतर आहे. महानुभाव पंथ द्वैती, संन्यासप्रधान आणि पंचकृष्णांना परमेश्वराचे अवतार मानणारा. मेथॉडिस्ट चळवळ ही गृहस्थांची, प्रस्थापित चर्चच्या अंतर्भागातच उठलेली. साम्य आहे ते परिस्थितीत. दोन्ही ठिकाणी विद्येची आणि उपासनेची एक मान्य भाषा व मान्य जागा होती. दोन्ही प्रवर्तकांनी ती जागा सोडून रस्त्यावर, वाटेवर, सामान्य माणसांत येऊन उपदेश केला. दोन्ही ठिकाणी पहिल्या श्रोत्यांत स्त्रियांची संख्या व आस्था डोळ्यांत भरण्याजोगी होती. आणि दोन्ही पंथांनी नोंदी ठेवण्याचा विलक्षण ध्यास घेतला. लीळाचरित्र हे जसे त्या ध्यासाचे फळ, तशीच जॉन वेस्लीची दैनंदिनी.

मराठवाड्यातील अभ्यासकाला दोन्ही विषय फारसे दूरचे नाहीत. महानुभावांच्या परंपरेत चांगदेव राउळांना दत्तात्रेयप्रभूंचे दर्शन झाले ते नांदेड जिल्ह्यातील माहूर येथे. आणि चक्रधरांच्या संचाराची पैठणासारखी प्रमुख स्थाने गोदातीरीच आहेत. मेथॉडिस्ट मिशनचे कार्यही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातील बीदर भागात पोचले होते, आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बीदर जिल्ह्यातच मोडत असत. या भागात एकाच बाजारगावात महानुभाव मठ आणि ख्रिस्ती प्रार्थनामंदिर पाहिलेल्या विद्यार्थ्यास ही तुलना केवळ ग्रंथगत वाटू नये.

(३)

प्रथम सुझाना वेस्लीकडे वळावे. तिचा जन्म १६६९ चा. तिचे वडील सॅम्युएल अ‍ॅन्स्ली हे प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या पक्षाचे नामांकित धर्मोपदेशक. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास या मुलीने दोन्ही बाजूंचा विचार करून वडिलांचा पक्ष सोडला आणि चर्च ऑफ इंग्लंडचा स्वीकार केला. पुढे तिचा विवाह सॅम्युएल वेस्ली या पाद्र्याशी झाला आणि लिंकनशायरमधील एपवर्थ या गावी तिचा संसार झाला. एकोणीस अपत्ये, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास बालपणीच गेलेली, कर्जाचा जाच, १७०९ साली घराला लागलेली आग. हा सारा तपशील तिच्या चरित्रकारांनी भक्तिभावाने सांगितला आहे. पंथाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग मात्र १७११-१२ च्या हिवाळ्यातील आहे.

त्या हिवाळ्यात सॅम्युएल वेस्ली धर्मसभेच्या कामासाठी लंडनला होते. पॅरिशची उपासना एका दुय्यम पाद्र्याकडे सोपविलेली होती आणि त्याची प्रवचने लोकांना रुचत नव्हती. रविवारी सायंकाळी सुझाना मुलांना व नोकरांना एकत्र बसवून प्रार्थना म्हणे आणि छापील प्रवचनांतून एखादे वाचून दाखवी. नोकरांनी ही गोष्ट आपापल्या घरी सांगितली, शेजारी येऊ लागले, आणि पाहता पाहता घरात दोनशे माणसे जमू लागली. जागा पुरेना, म्हणून काहींना परत जावे लागे.

दुय्यम पाद्र्याने तक्रार केली. पतीने लंडनहून नाराजी कळविली. तेव्हा १७१२ च्या फेब्रुवारीत सुझानेने त्याला जी पत्रे लिहिली ती मेथॉडिझमच्या पूर्वपीठिकेतील सर्वांत मोलाची कागदपत्रे म्हणावी लागतील. त्यांत तिने तीन आक्षेपांचा परामर्श घेतला आहे. हे वेगळे दिसते, हा पहिला आक्षेप. त्यावर तिचे म्हणणे असे की आत्म्याच्या हिताची कोणतीही गोष्ट गंभीरपणे केली की ती जगाला वेगळीच दिसते. ती स्त्री आहे, हा दुसरा आक्षेप. हे ती मान्य करते. परंतु पती दूर असताना घरातील प्रत्येक जीवाची जबाबदारी आपल्याकडे ठेव म्हणून आलेली आहे, असा निर्वाळा देते. वाचनाचे काम एखाद्या पुरुषाकडे द्यावे, ही पतीची सूचना. त्यावरचे तिचे उत्तर परिस्थितीवर प्रकाश टाकणारे आहे. जमलेल्यांत अडखळल्यावाचून, अक्षरे जुळवीत न बसता प्रवचन वाचू शकेल असा एकही पुरुष तिला दिसत नव्हता.

दुसऱ्या पत्रात ती याहून पुढे जाते. संध्याकाळच्या उपासनेला पूर्वी वीस-पंचवीस माणसे येत, ती आता दोन-तीनशे येतात, हे ती पुराव्यादाखल मांडते. आणि अखेरीस पतीला बजावते की ही सभा मोडावयाची असेल तर नुसती इच्छा कळवू नका. स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे अंतिम न्यायाच्या दिवशी ही संधी दवडल्याचा दोष माझ्या माथी राहणार नाही. आज्ञापालनाची तयारी आणि जबाबदारीची वाटणी या दोहोंचा असा मिलाफ इतरत्र क्वचितच आढळेल. ती पतीच्या अधिकाराला आव्हान देत नाही. तो अधिकार वापरण्याची किंमत काय आहे, एवढेच त्याच्यासमोर ठेवते. सॅम्युएल वेस्लीने तशी आज्ञा दिली नाही.

या पत्रांतील एक तपशील भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. सुझानेला आपल्या परिवाराबाहेर पाहण्याची प्रेरणा झाली ती एका पुस्तकावरून. तमिळ किनाऱ्यावरील ट्रांकेबार, म्हणजे आजचे तरंगंबाडी, येथे गेलेल्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत तिच्या मुलीला वडिलांच्या अभ्यासिकेत सापडला आणि तिने तो आईला वाचून दाखविला. आपण पुरुष नाही, धर्मोपदेशकही नाही, तरी आतापेक्षा अधिक काही करू शकू, असा विचार तिच्या मनात त्या वाचनाने आला. त्यातूनच प्रत्येक मुलासाठी आठवड्यातील एकेक संध्याकाळ राखून त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलण्याचा तिचा परिपाठ सुरू झाला. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता.

१७४२ साली सुझाना मरण पावली तेव्हा जॉन वेस्लीने तिच्या अंत्यविधीची हकीकत देताना १७१२ चे पत्र आपल्या दैनंदिनीत समाविष्ट केले, आणि आपले आजोबा, वडील व बंधू यांच्याप्रमाणे आईसुद्धा तिच्या परीने धर्माची उपदेशक होती अशी नोंद केली. ‘तिच्या परीने’ या मर्यादेत पुढचा सारा इतिहास साठवलेला आहे.

(४)

महदाइसेचा काळ याच्या साडेचारशे वर्षे मागचा. ती बालविधवा होती. महानुभाव पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांची ती चुलत बहीण. त्याच घराण्यातील आबाइसा व उमाइसा यांची नावेही लीळाचरित्रात वारंवार येतात. महदाइसा प्रथम रामदेव दादोस यांच्या उपदेशात होती व पुढे चक्रधरांच्या सन्निधानात आली. चक्रधरांच्या प्रयाणानंतर ती ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली, आणि त्यांच्यानंतर भटोबासांच्या मार्गदर्शनाखाली स्थिरावणाऱ्या परिवारात तिचे स्थान मोठे होते. स्मृतिस्थळात तिच्या निधनाचा आणि त्यामुळे भटोबासांना झालेल्या दुःखाचा उल्लेख आहे.

लीळाचरित्र वाचताना महदाइसेचे जे चित्र मनावर ठसते ते कवयित्रीचे नव्हे. ती सतत काहीतरी विचारीत असते. देवतांविषयी विचारते, तीर्थांविषयी विचारते, अवतारांविषयी विचारते. एखाद्या कृतीचा अर्थ कळला नाही तर तेही विचारते. स्वतः चक्रधर तिला स्नेहाने ‘म्हातारी’ म्हणतात आणि ही जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, हिचे विचारणे कधी थांबत नाही, अशा आशयाचे प्रशस्तिपत्र देतात. या उद्गारात कौतुक आहे, किंचित थट्टाही आहे. त्यात रोष मात्र नाही, ही बाब महत्त्वाची होय. ज्या काळी धर्मचर्चा ही पाठशाळेतील पुरुषांची मिरास होती त्या काळी एका विधवेच्या अखंड प्रश्नांना गुण मानणारा गुरू येथे दिसतो.

या प्रश्नांचे पंथाच्या दृष्टीने कार्य काय? चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे तत्त्वज्ञान प्रसंगाप्रसंगाने प्रकट झाले आणि प्रसंग बहुधा प्रश्नाने निर्माण होत असे. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारपूस करून, भटोबासांकडून पारखून घेऊन त्या आठवणी संकलित केल्या. लीळाचरित्र हे असे सिद्ध झाले. पुढे केसोबासांनी त्यातील चक्रधरोक्त वचने वेगळी काढून सूत्रपाठ तयार केला. ही निवड करताना प्रसंग गळला, स्थळ गळले आणि विचारणारी व्यक्तीही गळली. उरले ते उत्तर, आणि ते आता सार्वकालिक सूत्राच्या रूपात.

परंतु सूत्र नुसते वाचून अर्थ लागेना, तेव्हा पंथीयांनाच ‘प्रकरणवश’ या ग्रंथप्रकाराची गरज भासली. कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणे हे त्याचे प्रयोजन. अर्थनिर्णयासाठी प्रश्नकर्त्याकडे परत जावे लागते, याची ही परंपरेनेच दिलेली कबुली होय. महदाइसेच्या प्रश्नांना तत्त्वज्ञानाच्या इतिहासात स्थान द्यावयाचे ते या अर्थाने. तिने सिद्धान्त रचला नाही. सिद्धान्त ज्या रूपात उच्चारला गेला ते रूप ठरविण्यात तिचा वाटा आहे. पाठशाळेतील पंडिताने विचारले असते तर उत्तर संस्कृत परिभाषेत आले असते. विचारणारी स्त्री होती, म्हणून ते गाई-वासरांच्या, हाटाबाजाराच्या दृष्टान्तांतून आणि घरातील मराठीतून आले.

भाषेचा हा मुद्दा स्मृतिस्थळातील एका प्रसिद्ध प्रसंगाने पक्का होतो. केसोबासांसारखे विद्वान शिष्य संस्कृतात प्रश्न करू लागले, संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा भटोबासांनी त्यांना आवरले. चक्रधरांनी आपल्याला मराठीतून निरूपण केले, तेव्हा मराठीतच विचारा, असे त्यांनी सांगितले. आणि संस्कृताचा अवलंब केल्यास आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया लुबाडल्या जातील, असे कारण दिले. मराठी ही महानुभावांची धर्मभाषा का झाली, या प्रश्नाचे उत्तर वाङ्मयेतिहासात सर्वसामान्य लोकाभिमुखतेच्या नावाने दिले जाते. मूळ प्रसंगातील कारण अधिक नेमके आहे. पंथात बसून ऐकणाऱ्या, विचारणाऱ्या, विशिष्ट वयाच्या विशिष्ट स्त्रिया भटोबासांच्या डोळ्यांसमोर होत्या. चक्रधरांनी महदाइसेला ज्या शब्दाने हाक मारली तोच शब्द भटोबासांच्या तोंडी बहुवचनात यावा, यात मराठी गद्याच्या उगमाविषयी बरेच काही सांगून जाते.

येथे एपवर्थची आठवण होणे अपरिहार्य आहे. अक्षरे जुळवीत वाचणाऱ्या पुरुषांपेक्षा सुझानेचे वाचन लोकांना कळत होते, म्हणून लोक येत होते. दोन्ही ठिकाणी प्रश्न कळण्याचा आहे. धर्मवाणी कोणाला कळावी, हे एकदा ठरले की ती कोणत्या भाषेत, कोणत्या जागी आणि कोणाच्या मुखाने यावी हेही हळूहळू ठरत जाते.

(५)

आता धवळ्यांकडे वळता येईल. ‘आद्य कवयित्री’ या पदवीचा आधार तो हाच ग्रंथ. विसाव्या शतकाच्या आरंभी महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा झाला, वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आले, आणि वा. ना. देशपांडे यांनी धवळ्यांचे संपादन ‘आद्य मराठी कवयित्री’ याच नावाने प्रसिद्ध केले. नव्याने हाती लागलेल्या साहित्याला वाङ्मयाच्या इतिहासात मानाची जागा मिळवून देण्याची त्या पिढीला निकड होती. त्या दृष्टीने ही पदवी योग्यच होती. प्रश्न आहे तो त्या पदवीवरच थांबण्याचा.

धवळा हे विवाहप्रसंगी गावयाचे गीत. ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना आपला विवाह व्हावा अशी लहर आली आणि त्या प्रसंगी महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले, अशी परंपरा आहे. पूर्वार्ध त्या प्रसंगाचा. उत्तरार्धाची रचना नंतरची. दोन्ही मिळून धवळ्यांची संख्या दीडशेच्या आसपास जाते. त्यांखेरीज मातृकी रुक्मिणीस्वयंवर आणि गर्भकांड ओव्या याही रचना तिच्या नावावर आहेत.

धवळ्यांची समीक्षा करताना त्यांतील साधेपणा, घरगुतीपणा, स्त्रीसुलभ भावना यांचा निर्देश करण्याची प्रथा आहे. यांपैकी साधेपणा खरा. परंतु तो निरागसतेतून आलेला नाही. यादवांच्या दरबारी वावरलेल्या नरेंद्राच्या रुक्मिणीस्वयंवराशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. नरेंद्राची दृष्टी वर्णनावर, कल्पनाविलासावर, अलंकारांच्या समृद्धीवर आहे. त्याचे काव्य रसिकाने सावकाश वाचावे असे आहे. धवळे ऐकणाऱ्यांसमोर गायिले गेले. त्यांत कथेचा धागा तुटू न देता पुढे जाण्याची घाई आहे, संवादाला वाव आहे, आणि पुढे काय झाले हे विचारणाऱ्या श्रोत्याचे भान आहे. जी आयुष्यभर विचारीत आली तिला ऐकणाऱ्याला काय विचारावेसे वाटेल हे ठाऊक होते. लीळाचरित्रातील प्रश्नकर्ती आणि धवळ्यांची कर्ती या दोन भिन्न व्यक्ती नव्हेत, हे या रचनाशैलीवरून ध्यानी येते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लग्नातील गाणे हा स्त्रियांचा स्वतःचा प्रांत. मंत्र पुरोहिताचे, गाणी बायकांची, अशी विवाहविधीतील परंपरागत वाटणी आहे. महदाइसेने अवताराच्या लीलेचे गायन करण्यासाठी पुराणिकाचे आसन मागितले नाही. बायकांना पूर्वीपासून मोकळी असलेली जागा घेतली आणि त्या जागेवरून ईश्वरचरित्र सांगितले. सुझानेनेही प्रवचनपीठ मागितले नाही. घरातील सायंप्रार्थना ही गृहिणीकडे असलेली जागा. तिने ती दोनशे माणसांना पुरेल एवढी रुंद केली. पंथारंभीच्या स्त्रीची ही रीत दोन्हीकडे सारखी आहे. नवा अधिकार ती मागत नाही. असलेल्या अधिकाराची सीमा कोठे संपते हे कोणी नीट ठरविलेले नाही, याचा लाभ घेते.

(६)

परंतु ही सीमा पुढे ठरविली गेली, आणि तेथे दोन्ही इतिहासांची परीक्षा आहे.

मेथॉडिस्ट पंथात लहान लहान गटांच्या बैठकी होत. त्यांत स्त्रियांना आपला अनुभव सांगण्याची मोकळीक होती. १७६१ च्या फेब्रुवारीत डर्बी येथे सारा क्रॉस्बी ही सुमारे तीस जणांच्या बैठकीची अपेक्षा ठेवून गेली, तो दोनशेच्या आसपास लोक जमलेले. एकेकाशी बोलणे अशक्य झाले. तिने उभे राहून सर्वांना उद्देशून उपदेश केला आणि जॉन वेस्लीला पत्राने विचारले की मर्यादेचा भंग तर झाला नाही ना. वेस्लीचे उत्तर सावध आहे. मेथॉडिस्ट पंथ स्त्री-उपदेशक मानीत नाही हे लोकांना सांगावे, आणि मग मनात असेल ते बोलावे, असा त्याचा आशय. १७७१ साली मेरी बोझँकेटने बायबलमधील आधार देऊन स्त्रियांच्या उपदेशाचे समर्थन केले, तेव्हा वेस्लीने असाधारण ईश्वरी पाचारण ही वाट मान्य केली. नियम कायम, अपवादाला मुभा, अशी ही व्यवस्था होती. ती वेस्लीच्या व्यक्तिगत निर्णयावर उभी होती. १७९१ साली तो मरण पावला आणि १८०३ च्या मँचेस्टर येथील परिषदेने स्त्रियांनी उपदेश करू नये, असाधारण पाचारण असल्यास केवळ स्त्रियांपुढे करावा, असा निर्बंध घातला. पतीच्या मृत्यूनंतर मॅडली येथे कार्य करीत राहिलेली मेरी बोझँकेट फ्लेचर १८१५ पर्यंत आपल्या मार्गाने चालत राहिली. पंथाचे दार मात्र लागलेले होते.

महानुभावांकडे असा एखादा ठराव दाखविता येत नाही. स्त्रियांना संन्यास होता आणि तो पुढेही राहिला. स्त्रियांना मोक्षाचा अधिकार आहे किंवा नाही या शंकेचे चक्रधरांनी केलेले निरसन सर्वश्रुत आहे. पुरुषाचा तेवढा जीव आणि स्त्रीचा काय त्याहून धाकटा असा काही जीव आहे, या आशयाचा त्यांचा उपरोध आजही टोचल्यावाचून राहत नाही. रजोदर्शनाच्या विटाळाबाबतही शरीरातील इतर स्रावांसारखाच तो एक स्राव, असा त्यांचा निर्वाळा आहे. परंतु याच परंपरेत, संन्याशाच्या आचारधर्माच्या संदर्भात, मद्य प्याल्याने माणूस मातावतो, स्त्री तर नुसत्या दर्शनाने मातवते, या आशयाचे सूत्रही आहे. आचार्यपद भटोबासांनंतर बाइदेवबासांकडे व पुढे कवीश्वरबासांकडे गेले. भटोबासांच्या शोकाचा विषय झालेली स्त्री असो वा अन्य कोणी, आचार्यांच्या या आरंभीच्या मालिकेत स्त्रीचे नाव नाही.

ही दोन टोके एकमेकांना खोडून काढणारी आहेत काय? वरवर पाहता तसे वाटते. स्त्रीविषयीची दोन्ही वचने मूळ प्रसंगांत परत नेऊन ठेवली असता मात्र विरोध सौम्य होतो. एक वचन प्रश्न करणाऱ्या स्त्रीच्या समोर, तिच्या शंकेला उत्तर म्हणून निघालेले. दुसरे एकान्तव्रती पुरुषाला दिलेली ताकीद. सूत्रपाठात दोन्ही सारख्याच वजनाची दिसतात, कारण तेथे ऐकणारा दिसत नाही. स्त्रीविषयक महानुभावीय भूमिकेचा निर्णय केवळ सूत्रांवरून करणाऱ्यांची दिशाभूल येथेच होते. जो अभ्यासक पहिले वचन उचलतो तो पंथाला आधुनिक समतेचा अग्रदूत ठरवितो. जो दुसरे उचलतो तो त्याला स्त्रीद्वेष्टा ठरवितो. दोघांनीही प्रश्नकर्तीला वगळलेले असते.

एका बाबतीत महानुभावांची परंपरा मेथॉडिस्टांहून अधिक उदार ठरली असे म्हणता येईल. सुझानेचे पत्र टिकले ते पुत्राने दैनंदिनीत घातले म्हणून. म्हणजे मातृत्वाच्या नात्याने. महदाइसेचे प्रश्न टिकले ते ती कोणाची आई वा पत्नी होती म्हणून नव्हे. लीळा ज्या प्रसंगी घडली त्या प्रसंगी ती तेथे होती आणि बोलली, म्हणून. साक्षीदाराचे नाव गाळावयाचे नाही, ही म्हाइंभटांची शिस्त तिच्या कामी आली. मूळ ग्रंथ परचक्रात नष्ट झाल्यावर स्मरणाच्या आधारे जे पाठ पुन्हा सिद्ध झाले त्यांच्या परंपरेत हिराइसेचे नाव येते, ही गोष्टही याच शिस्तीची पुढची पायरी होय. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळी एका पंथाचा मूलग्रंथ काही अंशी स्त्रीच्या स्मरणावर विसंबून राहिला, याचे महत्त्व धवळ्यांच्या आद्यत्वाहून कमी नाही.

(७)

महदाइसेची पदवी काढून घेण्याचे कारण नाही. तिच्या आड जे राहिले ते पुढे आणणे एवढेच कर्तव्य आहे. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे लीळाचरित्राचे पाठ अभ्यासकांच्या हाती आहेत. स्मृतिस्थळ व गोविंदप्रभुचरित्र यांची अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे परभाषीय वाचकांनाही उपलब्ध आहेत. या ग्रंथांचे वाचन आजवर बहुधा नायकाच्या क्रमाने झाले: चक्रधर काय म्हणाले, कोठे गेले, कोणता चमत्कार केला. ते आता प्रश्नकर्त्याच्या क्रमाने व्हावयास हवे. महदाइसेचे प्रश्न, आबाइसेचे प्रश्न, उमाइसेचे प्रश्न अशी स्वतंत्र सूची करावी. प्रत्येकीच्या प्रश्नाला कोणत्या जातीचे उत्तर आले, दृष्टान्त आला, विधान आले की मौन, हे नोंदवावे. आणि त्या उत्तरांपैकी कोणती सूत्रपाठात गेली व कोणती गेली नाहीत हे पडताळून पाहावे. एका विद्यार्थ्याला प्रबंधापुरते हे काम आहे आणि त्यासाठी नवे हस्तलिखित सापडण्याची वाट पाहावी लागत नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात महदाइसा येते ती धवळ्यांच्या उताऱ्यापुरती, आणि लीळाचरित्र येते ते आद्य गद्यग्रंथ म्हणून दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत. एकाच स्त्रीचे कार्य असे काव्य व गद्य या दोन कप्प्यांत वाटले गेल्याने विद्यार्थ्याला ती अखंड दिसत नाही. दोन्ही शेजारी ठेवून शिकविल्यास विद्यार्थ्याला तिचे पूर्ण रूप दिसेल: गुरूला बोलावयास लावणारी, ऐकलेले लक्षात ठेवणारी, आणि वेळ आली तेव्हा बायकांच्या गाण्याच्या जागेवरून स्वतः सांगणारी. एपवर्थच्या गृहिणीने पतीकडे स्पष्ट आज्ञा मागून जी जबाबदारी त्याच्यावर ढकलली होती, तशीच एक जबाबदारी महदाइसेचे प्रश्न आजच्या अभ्यासकावर टाकतात. उत्तरे वाचावयाची असतील तर विचारणारीचे नाव घेऊनच ती वाचली पाहिजेत.